दगडामागे एक चिपटं

भाद्रपदातला दुसरा मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. फोनवर संतोष होता. "आबा गेले," एवढंच तो बोलला. मागे त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ओरडत होत्या, तेवढं मला ऐकू येत होतं. लोणावळ्यातल्या तुंगार्लीहून निघून पावणेदहाला मी गावात पोचलो. गावात गणपती बसले होते, पण त्या दिवशी मंडपातला स्पीकर बंद होता. ओढ्याकाठी सरणाभोवती एकोणचाळीस पुरुष होते. अशा ठिकाणी मोजू नये हे मला कळतं, पण बांधकामाची मापं घेण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत आणि कुठेही उभा राहिलो की डोळे आपोआप मोजायला लागतात. गावात चौतीस घरं आहेत. घरटी एक माणूस आला होता. उरलेले पाच बाहेरचे: लेकीकडचे दोन पाहुणे, शाळेचे गुरुजी, डेअरीवर दूध नेणारा टेम्पोवाला आणि पाचवा मी.

आबांचं नाव सखाराम. आडनाव लिहीत नाही, गावाचं आणि गडाचं नावही लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधार कार्डावर त्यांचं वय एकोणऐंशी होतं, त्यांच्या स्वतःच्या अंदाजाने दोन-तीन जास्त. दीड एकर भातशेती, दोन म्हशी आणि तरुणपणी काही वर्षं खंडाळ्याच्या एका बंगल्यावर केलेलं माळीकाम, अशी त्यांची सगळी मिळकत. मुलगा संतोष लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवतो. आबांच्या पत्नीला मी मावशी म्हणतो. मी स्वतः लोणावळ्यात बंगल्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे बिलं करतो. भिंत किती उठली, दगड किती लागला, गवंड्याचे किती झाले, हे जागेवर जाऊन मोजायचं आणि वहीत उतरवायचं. असा माणूस आबांच्या ओट्यावर नऊ वर्षं दर रविवारी कसा बसला आणि नंतरची तीन वर्षं तिथे जायला का कचरला, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

बारा वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, मी पहिल्यांदा त्या गडावर गेलो. मुलगी दहावीला होती, घरात टीव्ही बंद होता आणि रविवार खायला उठायचा, म्हणून एकटाच डोंगर चढत असे. गड लहान आहे. तट जागोजाग ढासळलेला, वर पाण्याची तीन टाकी, देवीचं पत्र्याचं देऊळ आणि एक अर्धवट दरवाजा. दरवाजाची डावी बाजू शाबूत होती, उजवी पूर्ण गेलेली. मी सवयीने डावी बाजू मोजली: सोळा थर, प्रत्येक थरात आठ घडीव चिरे, म्हणजे एकशे अठ्ठावीस. उजवी तेवढीच असणार. कमानीचे एकवीस, वरच्या चार थरांचे शहाण्णव. पडलेल्या भागात एकूण दोनशे पंचेचाळीस चिरे होते असं धरलं, तर ते खाली उतारावर सापडायला हवेत. पुढच्या दोन रविवारी मी उतार पालथा घातला. मिळाले एकतीस. दोनशे चौदा चिरे कमी भरत होते आणि घडीव दगड काही पाण्यात विरघळत नाही. तिसऱ्या रविवारी खाली गावात एका ओट्यावर पाणी मागितलं आणि तिथल्या म्हाताऱ्याला सहज विचारलं, की गडाच्या दरवाजाचे दोनशे दगड गेले कुठे असतील? त्याने आधी मला तांब्या भरून दिला, माझं पिऊन होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी बसलाय त्यावरच की."

मी उठून पाहिलं. ओट्याच्या कडेला बसवलेले दोन चिरे, वरच्या दरवाजात मोजले होते तसेच; तीच लांबी, कडेने फिरवलेली टाकीची, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीची, तीच बारीक रेघ. म्हातारा मजेत हसत होता. गडावर येणारी माणसं फोटो काढतात, ओरडतात, वडापाव खाऊन कागद टाकतात. दगड मोजणारा पहिलाच बघितला, असं त्याचं म्हणणं. तुम्ही गड चढता की गडाचं बिल करता, असंही त्याने विचारलं. ते आबा.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत आबांनी मला तो दरवाजा घराघरांतून दाखवला. त्यांच्या स्वतःच्या घरात नऊ दगड: ओट्याला दोन, उंबऱ्याखाली एक, बाकीचे गोठ्याच्या कोपऱ्यात. कुणाकडे तुळशीखाली, कुणाच्या गव्हाणीत, कुणाच्या चुलीमागे. दगड दिसला की ते आधी त्यावर तळवा ठेवायचे, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मग तो कुठला ते सांगायचे. "ह्यो कमानीचा. ह्येला पोट हाय बघा, खाली निमुळता." कमानीचा अगदी मधला दगड, ज्याच्यावर सगळी कमान तोलली जाते, तो त्यांच्या भावजयीच्या न्हाणीपुढे धुणं आपटायला होता. ती बाई कपडे धूत असताना आबा तिला मुद्दाम सांगायचे, अगं जपून, राजा घोड्यावरनं ह्याच्या खालनं जायचा. ती म्हणायची, तवा त्येला बी दोन धोतरं धुवाय लाव. मी वहीत घराचं नाव, दगडाची लांबी-रुंदी-उंची आणि दरवाजातली मूळ जागा लिहीत गेलो. चौतीस घरांत मिळून एकशे पंच्याण्णव दगड भरले. प्रत्येक घरात मला आत नेताना आबा दारातूनच सांगायचे, "आपलाच मानूस हाय." त्या वाक्यावर लोक मला चुलीपर्यंत जाऊ द्यायचे. हे मला तेव्हा फारसं जाणवलं नाही.

गडाचा इतिहास म्हणून छापील असं जे मिळतं, ते जेमतेम दीड पान आहे. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला हा गड. डोंगरात कोरलेली टाकी भिंतींपेक्षा पुष्कळ जुनी. राज्यं बदलली तसा गड या हातातून त्या हातात गेला. शेवटी इंग्रजांनी त्याचा दरवाजा सुरुंगाने उडवून तो निकामी केला. "सध्या भग्नावस्थेत" असं म्हणून ते दीड पान संपतं. आबांचं म्हणणं, की खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्यांच्या घराण्यात सांगत आले, की त्यांचे पूर्वज त्याच दरवाजावर पहाऱ्याला होते. दरवाजा उडाला तसा पहाराही गेला आणि गडाच्या कोठीतून मिळणारा तांदूळही गेला. ती माणसं खाली उतरली, रान मोडून भात लावू लागली आणि घरं बांधायची वेळ आली तेव्हा ज्या दरवाजाला पाठ टेकून त्यांनी उभ्या जन्माचा पहारा केला होता, त्याचेच दगड खांद्यावरून खाली आणले. "त्येंनी पाडला, आमी उचलला," आबा म्हणायचे. याला कागदाचा पुरावा नाही, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगत असे. ते म्हणायचे, दसऱ्याला या, मग दावतो.

दसऱ्याला सकाळी सगळा गाव गडावर देवीला जातो. प्रत्येक घराच्या हातात तांदळाची पिशवी असते. तेव्हा भात अजून शेतातच उभं असतं, म्हणून मागच्या साली कणगीत राखून ठेवलेला तांदूळ आणतात. देवळात गुरव चिपटं घेऊन बसतो. चिपटं म्हणजे पाव शेराचं जुनं माप. ज्या घरात गडाचे जितके दगड, तितकी चिपटी तांदूळ देवीला. पूर्वी गड आमाला तांदूळ द्यायचा, आता आमी गडाला देतो, असं आबा त्याचं कारण सांगायचे. कुठेही लिहिलेलं नाही. घर वाटलं गेलं की भाऊ दगडांबरोबर चिपटीही वाटून घेतात, भिंत पाडून नवी बांधली तरी दगड आणि चिपटं त्याच घरात राहतात. पहिल्या वर्षी मी गुरवाच्या बाजूला बसून मोजलं. दोनशे तीन चिपटी भरली. पुढे सगळी घरं पाहून झाली तेव्हा दगड निघाले एकशे पंच्याण्णव. आठ चिपटी जास्तीची कुणाची, हे मला कळेना. आबांनी मला हुडकू दिलं आणि मग पुढच्या दसऱ्याला देवळाच्या पायरीवर बसलेला एक वयस्क माणूस दाखवला. त्याचं घर धरणात गेलं होतं. तो आता दूर, सरकारने दिलेल्या जमिनीवर राहत होता. दोन एस.टी. बदलून तो दरवर्षी आठ चिपटी तांदूळ घेऊन यायचा, कारण पाण्याखालच्या त्याच्या घरात गडाचे आठ दगड होते… मी वहीत त्या आठ दगडांपुढे मापाचा रकाना कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं, की हे सगळं छापून यायला पाहिजे. नऊ वर्षांत मी त्यांना एवढे खूश क्वचितच पाहिले. पण त्यांनी एक गोष्ट लगेच सांगितली, की वही पुरी झाली की आधी गावाला वाचून दाखवायची. गावानं हो म्हटलं की मग छापा. मी कबूल केलं.

तीन वर्षांपूर्वी गडाच्या दरवाजाची दुरुस्ती मंजूर झाली. पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी गावात आले, शाळेत बैठक झाली. गावाला आनंदच होता. दरवाजा उभा राहिला की माणसं येतील, चार पोरांना गाड्या लावून द्यायचं काम मिळेल. अधिकारी सज्जन होते. ते म्हणाले, की मूळ दगड उपलब्ध नसल्यामुळे खाणीतला नवा दगड वापरावा लागेल. आबा त्या दिवशी बैठकीत नव्हते, म्हैस व्यायली होती. मी मागच्या बाकावर होतो. "उपलब्ध नसल्यामुळे" हे मला सहन झालं नाही. चूक आकडा कुणी मोठ्याने वाचला की मला बसवत नाही, ऑफिसात सगळ्यांना माझा हा स्वभाव माहीत आहे. मी उठलो आणि सांगितलं, की मूळ दगड आहेत, एकशे पंच्याण्णव, आणि प्रत्येक कुठे आहे ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. वही काढून दाखवली. अधिकाऱ्यांनी अतिशय कौतुक केलं, नकला काढायला वही दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि मी दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "आबांना विचारलंत का?" माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. मी म्हटलं, उद्या सांगतो. उद्या गेलो नाही, त्या रविवारीही गेलो नाही. त्यानंतरच्या रविवारी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, दिली तर दिली.

चार महिन्यांनी चौतीस घरांना चौतीस नोटिसा आल्या. आपल्या घराच्या बांधकामात प्राचीन वास्तूचे दगड, इतके नग, आढळून आले असून त्याबाबत तीस दिवसांत खुलासा करावा. इतके नग, हे आकडे माझ्या वहीतले होते, एकही चुकलेला नव्हता. भावजयीला आलेल्या नोटिशीत न्हाणीच्या दगडाची लांबी-रुंदीसुद्धा होती. एक एकटी राहणारी म्हातारी घाबरली. तिने स्वतः पहार घालून गोठ्याच्या कोपऱ्यातला दगड ओढून काढला, वरची भिंत खाली आली आणि तिचा पाय घोट्यात मोडला. मी तिला पाहायला गेलो. तिने मला ओळखलं, बसायला सांगितलं, आणि माझा दगड तेवढा नेऊन द्या वर, मला जमणार न्हाई, असं म्हणाली. त्या घरात मला आत कुणी नेलं होतं, ते मला त्या वेळी आठवत होतं.

मी एक अर्ज लिहून काढला. वहीतली माहिती ही केवळ माझा अंदाज आहे, हे दगड त्याच गडाचे आहेत असं खात्रीने म्हणता येत नाही, मावळात असा दगड सगळीकडे सापडतो, सबब नोटिसा मागे घ्याव्यात. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी सही केलेला तो पहिला खोटा कागद. तो घेऊन आबांना बरोबर घेतलं आणि आम्ही खात्याच्या ऑफिसला निघालो. लोणावळा स्टँडसमोर चहा घेताना आबा म्हणाले, वाचून दावा. मी वाचला.

"ह्ये खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं, पण असं लिहिल्याने घरं वाचतील असं समजावलं. आबांनी चहा बशीत ओतला, संपवला, आणि बशी कपाखाली नीट ठेवली. "घरं वाचत्याल," ते म्हणाले. "पर मग आमी कोन? उगा डोंगराखाली ऱ्हानारी मानसं." अर्ज त्यांनी माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. तो मला परत कधी मिळाला नाही.

ऑफिसात त्यांनी उभं राहूनच सांगितलं, साहेबांनी बसा म्हटलं तरी. दगड गडाचेच आहेत. एकही आमचा नाही. पण चोरलेला नाही, सांभाळलेला आहे. मग पिशवीतून त्यांनी घरचं चिपटं काढलं आणि टेबलावर, फायलींच्या मधे ठेवलं. एका दगडाला एक, दर साल, आमच्या आज्याच्या आज्यापासून. तुम्ही पावती मागाल, तर देवी पावती देत नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून मान वर करून ऐकत होते. अधिकाऱ्यांनी चिपटं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "हे सगळं लिहून द्या." मी तिथेच बसून लिहिलं, आबांनी अंगठा दिला. घरांत दगड आहेत हे आम्ही लेखी कबूल केलं होतं. आता ते दगड उपटून न्यायचे की घरांत ठेवायचे, हे खात्याने ठरवायचं होतं. ते अजून ठरलेलं नाही. नोटिसा रद्द झाल्या नाहीत आणि पुढेही गेल्या नाहीत. मी दर तीन महिन्यांनी चौकशी करतो; प्रकरण विचाराधीन आहे, असं उत्तर मिळतं. म्हणून नावं लिहिलेली नाहीत.

ऑफिसातून बाहेर पडल्यावर मी आबांची माफी मागितली. ते म्हणाले, "चला, गाडी चुकंल साहेब." नऊ वर्षं मी भाऊ होतो. त्या दिवसापासून साहेब झालो. रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, समजूत काढली असती. ते तसं नव्हतं. चहा तसाच यायचा, मावशी पिशवीत वालाच्या शेंगा घालायच्या, आबा पावसाचं, म्हशीचं बोलायचे. फक्त एखाद्या घरी मला न्यायची वेळ कधी आली नाही. गावातले बाकीचेही माझ्याशी वाईट वागले नाहीत, पण मी ओट्यावर बसलेला दिसलो की जाणारा माणूस दोन शब्द बोलून पुढे जायचा, टेकायचा नाही. हळूहळू माझे रविवार महिन्यातून एकावर आले, मग दोन महिन्यांतून एकावर. दसऱ्याला तर मी तीन वर्षं गेलोच नाही. चौतीस घरं आपली चिपटी घेऊन रांगेत उभी असताना मी कुठे उभं राहायचं, हे मला ठरवता येईना. मुलगी नोकरीला पुण्यात गेली, बायको तिच्या खंडाळ्याच्या शाळेच्या कामात, आणि सुट्टीच्या दिवशी मी घरात बसून तीच वही पहिल्यापासून तपासायचो. बेरीज दर वेळी तीच यायची.

दरम्यान दरवाजा पुरा झाला, खाणीतल्या नव्या दगडात. डावी बाजू काळी, उजवी करडी. आबा एकदा चढून बघून आले आणि म्हणाले, कवळी बरी बसवलीया, पर चावता येत न्हाई. मी हसलो, तेही हसले. वाटलं, आता काही बोलतील. ते वैरण टाकायला उठले.

शेवटची भेट आषाढातली. लावणी उरकली होती, आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते, खोकला बराच होता. मी त्यांना डॉक्टरचं विचारलं, त्यांनी मला मुलीचं विचारलं. निघताना म्हणाले, "दसऱ्याला येनार का औंदा?" मी म्हटलं, बघतो. "बघा," ते म्हणाले… आणि मी छत्री उघडून निघालो. हो म्हणायला मला एक क्षण पुरला असता.

त्या गावात एक रीत आहे. ज्या घरात त्या साली माणूस गेलं, त्या घरातलं कुणी वर्षश्राद्ध होईपर्यंत गड चढत नाही. त्या घरची चिपटी दुसऱ्या कुणी न्यायची, आणि नेणारा गावातलाच लागतो. घटस्थापनेच्या दिवशी संतोषचा फोन आला, की आई म्हणते आमचे तांदूळ तुम्ही न्यायचे. मी त्याला रीतीची आठवण करून दिली आणि शेजारच्या घराचं नाव सुचवलं. तो म्हणाला, मी बी तेच म्हनलो, पर ती ऐकंना.

दसऱ्याला सकाळी आठला मी पोचलो. मावशींनी फडक्यात बांधलेले तांदूळ पिशवीत घालून तयार ठेवले होते. माझ्या बुटांकडे बघून वाट निसरडी हाय एवढं म्हणाल्या. मी एकटाच चढलो. गाव पुढे गेला होता. नव्या दरवाजातून आत गेलो तेव्हा हात सवयीने उजवीकडच्या चिऱ्यावर गेला. दगड गार होता, कडेला टाकीची रेघ नव्हती. देवळात गर्दी होती. लोकांनी मला रांगेत जागा दिली. गुरवाने फडकं सोडलं आणि मापायला सुरुवात केली. मी मनात मोजत होतो. नववं चिपटं ओतून झालं आणि फडक्यात अजून तांदूळ होते. त्याने दहावं भरलं. ते शिगोशीग भरलं आणि फडकं रिकामं झालं.

मी त्याला सांगितलं, की काहीतरी चुकलं आहे, या घरचे दगड नऊ आहेत, मी स्वतः मोजलेत. मावशींच्या हातून एक जास्तीचं पडलं असावं.

गुरव माझ्याकडे न बघता तांदूळ सारखे करत होता. "चुकलं न्हाई," तो म्हणाला. "तीन वरसं धाच येत्यात. धावं तुमचं."

माझं कसं, ते मला कळेना. माझ्या घरात गडाचा एकही दगड नाही.

"आबाला मी इचारलंतं पैल्याच साली. म्हनला, त्या भाऊनं समदा दरवाजा वहीत घालून नेला. गडाचं नेलं म्हंजी माप आलं. त्येला ठावं न्हाई, तवर मी भरतो."

मागच्या माणसाने पिशवी पुढे केली, मी बाजूला झालो. टाक्याच्या कडेला जाऊन बसलो. ही शिक्षा होती की आणखी काही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. विचारायचं ज्यांना, ते नाहीत. त्या तीन वर्षांत मी एकदा जरी वर आलो असतो, तरी बेरीज दोनशे चार आलेली मला दिसली असती आणि मी ओट्यावर जाऊन विचारलं असतं, की आबा, हे एक कुणाचं?

खाली आल्यावर मावशींना रिकामं फडकं दिलं. दहा भरली, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, फडक्याच्या घडीत अडकलेले चार दाणे झटकून कोंबड्यांना टाकले आणि पुढच्या साली धावं तुमच्या घरनं आना, असं म्हणाल्या.

यंदाचा हिशेब असा: दहा चिपटी, म्हणजे अडीच शेर तांदूळ, दसऱ्याच्या दिवशी, गुरवाच्या हस्ते देवीला पोचला. नऊ आबांच्या घरच्या दगडांची. एक माझ्या नावाचं, पण तांदूळ त्यांचा.